अंक आणि एकक

नुसत्या अंकाला अर्थ नसतो. ‘कापड दहा भरले’ असे म्हटले, तर ते दहा हात की दहा वीत, हे कळत नाही. एका हाताच्या दोन विती होतात. हे न पाहता कापड बेतणाऱ्याचा सदरा तोकडा झाल्यावाचून राहत नाही.

बलाच्या मापनातही असेच आहे. एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचा वेग प्रत्येक सेकंदाला सेकंदास एक मीटर इतका वाढविणारे बल, ते एक न्यूटन होय. एक पौंड वस्तुमानाला पृथ्वी ज्या बलाने ओढते, ते एक पौंड-बल. एका पौंड-बलात सुमारे ४.४४८ न्यूटन सामावतात. म्हणून पौंड-बलाचे न्यूटन करताना ४.४४८ ने गुणावे; न्यूटनाचे पौंड-बल करताना तितक्यानेच भागावे. दहा पौंड-बल म्हणजे ४४.४८ न्यूटन. एकक जितके लहान तितका अंक मोठा, ही खूण ध्यानात ठेवली म्हणजे गुणावे की भागावे, असा संभ्रम पडत नाही.

हा साधा गुणाकार राहून गेला तर काय घडते? ११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सोडले. वाटेत यानाचा तोल राखण्यासाठी त्याच्यावरील लहान अग्निबाण वरचेवर पेटवावे लागत. दर वेळी यानाला अल्पसा धक्का बसे व त्याचा मार्ग किंचित बदले. धक्का म्हणजे बल व ते जितके सेकंद लागू झाले, त्यांचा गुणाकार. त्याचे आकडे पृथ्वीवरील एक संगणक पौंड-बल-सेकंदांत देई. मार्गाचा हिशेब मात्र ते न्यूटन-सेकंद समजून केला जाई. त्यामुळे प्रत्येक धक्का खऱ्याच्या चौथाईहूनही कमी धरला गेला.

धक्के लहान होते. परंतु नऊ महिन्यांच्या प्रवासात ती चूक थेंबाथेंबाने साचत गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोहोचले. ते पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे होते. मागाहून केलेल्या हिशेबात ती उंची अवघी ५७ किलोमीटर निघाली. ८० किलोमीटरांच्या खाली त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. यान मंगळाआड गेले, आणि त्याचा संदेश पुन्हा आलाच नाही.

एककांचे रूपांतर न होणे, हेच या हानीचे मूळ कारण होय, असा निर्णय चौकशी मंडळाने दिला. उत्तरपत्रिकेत अंकापुढे एकक न लिहिल्यास शिक्षक गुण कापतात, ते का, हे यावरून समजून येईल.