पाडलेल्या भिंतीचा राडारोडा : ट्रॉली किती भरावी?



ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव-निपाणी भागातील अनेक जुनी मातीची घरे कोसळली. पाणी ओसरले, पण दगडमातीचे ढीग मागे राहिले. शाळेची जुनी खोली किंवा कंपाउंडची भिंत पाडली तरी तोच प्रश्न येतो : हा राडारोडा न्यायचा कशातून आणि टाकायचा कुठे?

अमेरिकेत यासाठी मोठी लोखंडी पेटी भाड्याने आणून दारात ठेवतात. तिला ‘डम्पस्टर’ म्हणतात. आपल्याकडे हे काम भाड्याची ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टिपर करतो. नियम मात्र दोन्हीकडे एकच : जड माल आकाराने भरण्याआधी वजनाने भरतो. उसाची शिगोशीग भरलेली ट्रॉली आपण रोज पाहतो, म्हणून दगडविटाही तशाच भरता येतील असे वाटते. इथेच चूक होते.

एक गणित करू. भिंत २० फूट लांब, ८ फूट उंच आणि दीड फूट जाड आहे. घनफळ २४० घनफूट. वीटबांधकामाचे वजन घनफुटाला सुमारे ५४ किलो धरले, तर भिंत जवळजवळ १३ टनांची झाली. पाडल्यावर मध्ये पोकळी राहते, त्यामुळे ढीग सुमारे दीडपट, म्हणजे ३६० घनफूट होतो. ट्रॉली १० × ६ × २ फूट, म्हणजे १२० घनफुटांची असेल, तर आकाराने ३ खेपा पुरतात. पण ट्रॉलीला ३ टनांचीच परवानगी असेल, तर ५ खेपा लागतील. म्हणून भाडे ठरवताना ‘खेपेला किती?’ एवढेच न विचारता ‘किती टनांची परवानगी?’ हेही विचारावे.

भरण्यापूर्वी चांगले चिरे, कौले, लाकूड आणि लोखंड बाजूला काढावे. विटांचे तुकडे जोत्याच्या भरावाला चालतात. तेवढ्या खेपा वाचतात. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नयेत. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ते अखंड उतरवून वेगळे ठेवावेत.

भरताना तळाला बारीक माल आणि त्यावर मोठे तुकडे ठेवावेत. वजन सगळीकडे सारखे पसरावे. दोन चाकी ट्रॉलीत सगळा भार मागे पडला, तर जोडाचा भाग वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फळीच्या वर माल नेऊ नये. ओली माती फार जड होते, तेव्हा थर आणखी कमी ठेवावा. धूळ बसण्यापुरतेच पाणी शिंपडावे आणि वर ताडपत्री बांधावी. भरलेल्या मालावर कोणी बसू नये आणि ट्रॉली मागे घेताना मुलांना जवळ येऊ देऊ नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. राडारोडा नाल्यात टाकू नये. बळ्ळारी नाला तुंबला की वडगाव, शहापूर, येळ्ळूर शिवारातील भातपीक पाण्याखाली जाते. म्हणजे एकाने टाकलेली भिंत दुसऱ्याचे शेत बुडवते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीही राडारोडा वेगळा करण्याची आणि तो रस्त्यावर किंवा गटारात न टाकण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच ठेवली. जागा कोणती, हे महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला आधी विचारावे. मगच ट्रॉली बोलवावी.

विद्यार्थ्यांनी आपल्या घराची एक भिंत मोजून तिचे वजन काढून पाहावे. उत्तर पाहून घरचेही चकित होतील.