गर्भाचे मन आणि विषाची परीक्षा

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात गर्भाची मासानुमासिक वाढ सांगताना पाचव्या महिन्यात मन अधिक जागृत होते व सहाव्यात बुद्धी प्रकट होते, असे म्हटले आहे. चरकाचार्यांनी गर्भोपघातकर भावांचे स्वतंत्र विवेचन केले आहे. वाढत्या गर्भाला कोणत्या काळी काय बाधते, हा प्रश्न त्यामुळे आपल्या शास्त्राला परका नाही. हाच प्रश्न आज प्रयोगशाळेत मानवी मूलपेशींच्या साहाय्याने विचारला जात आहे. त्या पद्धतीची ओळख करून देणे आणि तिच्यामुळे वैद्य व औषधनिर्माते यांच्यावर येणारी जबाबदारी सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डहाणू-तलासरी परिसरात हा विषय केवळ पुस्तकी राहत नाही. केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. याच भागात, बोर्डी येथे, १९४५ मध्ये ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांच्या शिक्षणाचा पाया घातला. मात्र बालवाडीत येण्यापूर्वीच, मातेच्या उदरात असताना, बालकाच्या बुद्धीवर कशाकशाचा परिणाम होतो, याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

चिकूच्या वा भाजीच्या मळ्यात मजुरी करणारी तीन-चार महिन्यांची गर्भिणी आपल्याकडे अरुची किंवा छर्दीसाठी येते. मळ्यात फवारणी झालेली असते; पण तिला लालास्राव नाही, नेत्रतारका आकुंचित नाहीत, कंप नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या तीव्र विषबाधेची ही लक्षणे दिसली, तर आपण तिला विनाविलंब रुग्णालयात पाठवू. ती दिसत नाहीत म्हणून आपण निश्चिंत होतो. येथेच आपली गफलत होऊ शकते. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जन्मवेळी नाळेच्या रक्तातील क्लोरपायरिफॉस मोजले आणि त्या मुलांची सातव्या वर्षी बुद्धिचाचणी घेतली. ज्यांच्या रक्तात ते अधिक होते, त्यांचे गुण कमी आढळले. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मातांना विषबाधा झाल्याचे निदान झालेले नव्हते.

असा अपाय आधी ओळखावा कसा? २००७ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने स्वीकारलेल्या पद्धतीत गर्भिणी उंदरांना रसायन देऊन पिलांचे वर्तन व मेंदू तपासतात. ही चाचणी दीर्घ, खर्चिक व शेकडो प्राण्यांचा बळी घेणारी असल्याने वापरातील फारच थोड्या रसायनांची अशी परीक्षा झाली आहे. शिवाय उंदराचा मेंदू म्हणजे मानवाचा मेंदू नव्हे.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये मानवाच्या प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेले. त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मूलपेशींपासून काचपात्रात चेतापेशी वाढविता येतात. त्यांचे विभाजन, स्थलांतर, तंतूंची वाढ, परस्परसंधान आणि विद्युत्-स्पंदनांचे जाळे या पायऱ्या निरनिराळ्या चाचण्यांत तपासतात. पेशी मरतील इतकी मात्रा दिल्यास कोणतीही पायरी बिघडणारच. परंतु पेशी जिवंत राहतील इतक्या अल्प मात्रेतच तंतूंची वाढ खुंटली, तर तो विकसनशील मेंदूवरील विशिष्ट आघात समजला जातो. जर्मनीतील ड्युसेलडोर्फ व कॉन्स्टान्झ येथील संशोधकांचा या चाचण्यांच्या उभारणीत मोठा वाटा आहे. उपरोक्त संघटनेने २०२३ मध्ये या चाचणीसंचाच्या निष्कर्षांचा अर्थ लावण्यासाठी प्राथमिक शिफारशी प्रसिद्ध केल्या.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. लखनौ येथील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने मानवी नाळेच्या रक्तातील मूलपेशींपासून चेतापेशी तयार करून त्यांवर मोनोक्रोटोफॉसचा परिणाम अभ्यासला. २०१३ मध्ये बिहारमधील शालेय भोजनात मिसळून तेवीस बालकांचा बळी घेणारे कीटकनाशक ते हेच. केंद्र शासनानेही २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राणिप्रयोगांबरोबर मानवी पेशींवर आधारित पद्धतींना स्थान दिले.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. काचपात्रात यकृत नाही, अपरा नाही, अग्नी नाही. घृतात सिद्ध केलेले औषध वा न विरघळणारे भस्म थेट पेशींवर टाकून काढलेला निष्कर्ष शरीराला तसाच लागू होत नाही. पेशी सुरक्षित राहिल्या म्हणून द्रव्य सुरक्षित ठरत नाही. मात्र पेशी बिघडल्या, तर पुढील तपास अटळ ठरतो.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रातील बाळगुटीत वेखंड परंपरेने उगाळले जाते व ते मेध्य मानले जाते. भारतीय वेखंडात बीटा-असारोन हा घटक मोठ्या प्रमाणात असतो. त्यामुळे उंदरांत अर्बुदे झाल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंडाचा आहारातील वापर बंद केला. तो प्रश्न अर्बुदाचा होता, मेंदूचा नव्हे. पण वाढत्या मेंदूला वेखंड कोणत्या मात्रेत हितकर व कोणत्या मात्रेत अहितकर, हे विचारण्याची सोय आता झाली आहे, आणि हा प्रश्न परक्यांनी विचारण्याआधी आपण विचारलेला बरा. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांपैकी चौदांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, तेव्हा उत्तर देताना आपली किती धांदल उडाली, हे जुन्या सभासदांना स्मरत असेल. शिसे बालकांच्या बुद्धीला घातक आहे, याविषयी आता दुमत नाही.

ग्रंथोक्त योग ग्रंथोक्त उपयोगासाठी बनविताना परवान्याकरिता सुरक्षितता-अभ्यासाची अट साधारणतः नाही. म्हणूनच कायद्याने न मागितलेली काळजी आपणच घ्यावयाची आहे. औषधनिर्मात्यांनी वनौषधींच्या प्रत्येक घाण्याची धातुचाचणी करून शिसे दशलक्षांश १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ या मर्यादांची नोंद ठेवावी. गर्भिणी व स्तनदा मातांना रसौषधी देताना वैद्यांनी अपरिहार्यतेचाच निकष लावावा. रुग्णपत्रिकेत नाव व वय यांच्यानंतर आणखी एक ओळ असावी : काम कोठे करता आणि तेथे कशाची फवारणी होते? मजूर स्त्रीला औषधाचे नाव ठाऊक नसेल, तर बाटलीवरील नाव कोणाकडून तरी लिहून आणण्यास सांगावे. फवारणीनंतर काही दिवस त्या ओळीत कामास जाऊ नये, हे पतीला व मुकादमालाही समजावून सांगावे.

या ओळीला खर्च नाही व तिच्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. पाचव्या महिन्यात जागे होणारे मन आपले गाऱ्हाणे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारणे हे वैद्याचेच कर्तव्य आहे.