सहलीची शेगडी : दोन मिनिटांची तपासणी

सहलीला निघालेली आपली कुटुंबे पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि त्यावर बसणारी शेगडी बरोबर घेतात. खर्च वाचतो, मुलांना गरम भात मिळतो. परंतु पेटविण्यापूर्वी दोन मिनिटे अवश्य द्यावीत.

आधी रबरी वॉशर पाहावा. चिरला असल्यास बदलावा. बर्नर बसवून जोडावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले म्हणजे गळती आहे, असे समजावे. काडी ओढून गळती कधीही शोधू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी सपाट, मोकळ्या जागी मांडावी. तंबूत वा टेम्पोत पेटवू नये. वाऱ्यासाठी आडोसा एकाच बाजूने करावा. चहूबाजूंनी पत्रे लावल्यास सिलिंडर तापतो. ज्योत पिवळी दिसली तर शेगडी विझवून, निवल्यावर बर्नर साफ करावा.

रेल्वेत मात्र सिलिंडर नेऊच नये. तो कायद्याने गुन्हा आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या डब्यात, प्रवाशांनी लपवून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली. नऊ जण दगावले.

रेल्वेने जायचे असल्यास भाकरी-चटणी बांधून घ्यावी. गरम भात घरी आल्यावरही शिजतो.