जलपर्णीचा कोळसा

पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया नावाचे एक विशाल सरोवर आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांचे किनारे त्याला लागलेले आहेत. १९९० च्या सुमारास या सरोवरात जलपर्णी ही परकी वनस्पती दिसू लागली. फुगीर देठांची व जांभळ्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. परंतु तिच्या फुलांना भुलून माणसानेच तिला देशोदेशी नेले. आपल्या पवना व इंद्रायणी या नद्यांतही ती आढळते.

अनुकूल पाण्यात जलपर्णी सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाहता पाहता तिने सरोवराचे काठ व्यापले. कोळ्यांच्या होड्या अडकून पडल्या. तिच्या दाट थराखाली प्राणवायू कमी पडून मासे गुदमरू लागले. तिला उपटून काठावर आणले, तरी त्या ढिगांचे करावयाचे काय?

इकडे काठच्या गावांत चुलीसाठी लाकूड व कोळसा लागे आणि त्यापायी झाडे तुटत. तेव्हा काही लोकांनी जलपर्णीचाच कोळसा करण्यास आरंभ केला.

त्याची रीत सोपी आहे. जलपर्णी चिरून कडक उन्हात वाळवतात. मग ती लोखंडी पिंपात भरून, पेटवून, झाकण लावतात. पुरेशी हवा न मिळाल्याने तिची राख होत नाही, कोळसा होतो. तो कुटून त्यात कसाव्याच्या पिठाची खळ मिसळतात आणि साच्यात दाबून वड्या पाडतात. सुटा भुगा भुरकन जळून जातो. दाबलेली वडी मात्र सावकाश व बराच वेळ जळते.

तथापि, या युक्तीला मर्यादा आहे. १०० किलो ओल्या जलपर्णीत ९० किलोंहून अधिक पाणीच असते. त्यामुळे अखेर हाती जेमतेम दोन-तीन किलो कोळसा येतो. शिवाय तिचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. शहरांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेली खते हेच तिचे अन्न होय. ते पाण्यात मिळत राहिले, तर उपटलेल्या जागी ती पुन्हा फोफावते.

म्हणून, मुलांनो, जलपर्णीच्या वड्या कराव्यात, त्यांवर अन्नही शिजवावे. पण आपले सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये. खरा उपाय तोच आहे.