कळसूबाई चढताना काठी कशी निवडाल?

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारले तर तुम्ही लगेच ‘कळसूबाई’ असे उत्तर द्याल. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील या शिखराची उंची १६४६ मीटर आहे. बारी गावाहून वर जाणाऱ्या वाटेवर माती, काळा खडक आणि उभ्या कड्यांशी लोखंडी शिड्या लागतात. अशा वाटेवर हाती काठी असावी हे खरे; पण कोणती काठी? या साध्या प्रश्नामागे बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे.

प्रथम काठी काय काम करते ते पाहू. वजनकाट्यावर उभे राहा आणि काठी काट्याबाहेर जमिनीवर टेकून दाबा. काट्यावरचा आकडा लगेच उतरेल. तुमचे वजन ५० किलोग्रॅम असून आकडा ४५ दिसला, तर ५ किलोग्रॅम भार काठीने घेतला. डोंगर उतरताना वाकलेल्या गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास बल येते. म्हणूनच उतरताना काठीची मदत अधिक जाणवते. शिवाय एक पाय उचललेला असताना काठीमुळे आधाराचे क्षेत्र वाढते आणि तोल सांभाळणे सोपे जाते.

आता लांबी. सपाटीवर काठी उभी धरली असता कोपरात साधारण काटकोन व्हावा. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला सुमारे १ मीटरवर मूठ सोयीची पडते. चढताना काठी आपल्यापेक्षा वर टेकते, म्हणून ती आखूड हवी; उतरताना खाली टेकते, म्हणून लांब हवी. दुकानातील काठीची लांबी कमीजास्त करता येते. बांबूची काठी मात्र १०-१५ सेंटिमीटर जास्त लांब घ्यावी आणि चढताना मूठ खाली, उतरताना वर धरावी. फार लांब काठीही बरी नव्हे. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर वाकून जाण्यापूर्वी काठी पेलू शकेल असा भार चौथाई होतो.

काठी हलकी आणि तरीही ताठ हवी. नळीमध्ये सगळे द्रव्य मध्यापासून दूर असते. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या भरीव कांबीपेक्षा नळी कमी वाकते. निसर्गाने बांबूत हीच युक्ती वापरली आहे. अॅल्युमिनियमच्या किंवा कार्बन तंतूंच्या काठ्याही पोकळच असतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टोक. काश्मीरात गुलमर्गच्या बर्फावर स्की बांधून डोंगर चढणारे लोक दोन्ही हातांत काठ्या घेतात. त्या काठ्यांच्या टोकाजवळ एक चकती असते. टोकाचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि चकतीचा व्यास १० सेंटिमीटर धरला, तर चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ७८ पट होते. दाब तितक्याच पटीने कमी होतो आणि काठी बर्फात रुतत नाही. आपल्याकडे चिखलात लहान चकती उपयोगी पडते. खडकावर मात्र ती निरुपयोगी. तेथे प्रश्न घर्षणाचा असतो.

समजा, टोक आणि खडक यांमधील घर्षणगुणांक ०.५ आहे. मग काठीच्या रेषेत जोर दिला असता, काठी उभ्या रेषेपासून सुमारे २७ अंशांपर्यंत कलती असेल तर ती घसरणार नाही. शेवाळलेल्या ओल्या खडकावर गुणांक ०.२ झाला, तर ही मर्यादा ११ अंशांवर येते. गंमत अशी, की मर्यादेबाहेर कितीही जोराने दाबले तरी काठी थांबत नाही! म्हणून ओल्या खडकावर काठी जवळ व उभी टेकावी. गुळगुळीत झालेले रबर तेथे दगा देते. अणकुचीदार लोखंडी शेंबी खडकाच्या खाचांत अडकते, म्हणून ती बरी.

शिडीवर मात्र काठी हातात नको. तेथे दोन्ही हात मोकळे हवेत; काठी पाठीवरच्या पिशवीला बांधावी.

निघण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करा. काठी फरशीवर टेकून दाबत हळूहळू कलती करा. ती घसरेल तेव्हाचा कोन मित्राला कोनमापकाने मोजायला सांगा. मग फरशी ओली करून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढे पावसाळ्यात अधिक जपून चालायचे.