तीन मुलें, एक मोटार

सुटीच्या दिवशीं नेरळच्या नाक्यावर थोडा वेळ उभें राहिलें, तर माथेरानच्या घाटाकडे वळणाऱ्या मोटारींचा ओघ दिसतो. माथेरानांत मोटारीला मज्जाव असल्यामुळें दस्तुरीपर्यंत जावयाचें आणि गाडी तेथें ठेवावयाची, असा क्रम असतो. या गाड्यांच्या मागील आसनाकडे पाहिलें म्हणजे एक देखावा हटकून आढळतो. एक मूल आजीच्या मांडीवर, दुसरें पुढच्या दोन आसनांच्या मधल्या फटींत उभें, आणि तिसरें खिडकीशीं गुडघे टेकून बाहेर पाहत असलेलें. तीन लहान मुलांना एकाच मोटारींत सुरक्षितपणें कसें बसवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम मांडीचा विचार करूं; कारण या कामांतील सर्वांत मोठा अडथळा तोच आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी झाडावर आदळून थांबते, तेव्हां आंतील माणसें थांबत नाहींत. गाडीच्या मूळच्या वेगानें तीं पुढें जातच राहतात. न्यूटनचा हा पहिला नियम आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेला असतो. दहा किलो वजनाचें मूल त्या वेगांतून अर्ध्या मीटरच्या अंतरांत थांबवावयाचें, तर सुमारें २०० किलोचें ओझें पेलण्याइतका जोर लागतो, आणि तोही सेकंदाच्या चौदाव्या हिश्श्यांत. असे हात कोणत्याही माउलीला नसतात. दुसऱ्या रीतीनें सांगावयाचें, तर हा आघात दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून, पडण्यासारखा असतो. गच्चीच्या कठड्यावर आपण मूल बसवीत नाहीं. मोटारींत मात्र सहज मांडीवर घेतों.

मागील आसन मुळांतच सुरक्षित असतें, ही समजूतही खरी नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत मुंबई–अहमदाबाद महामार्गावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघाती अंत झाला. ते मागील आसनावर होते, आणि त्यांनीं पट्टा लावलेला नव्हता. कायद्याचें म्हणणेंही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या १९४ ब या कलमाप्रमाणें चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें अगर मुलांसाठींच्या खास बैठकीनें बांधलेलें नसेल, तर गाडी चालविणारास एक हजार रुपये दंड आहे.

ही खास बैठक म्हणजे बाजारांत जिला ‘चाइल्ड सीट’ म्हणतात ती. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाच्या अंगावर तो गळ्याशीं आणि पोटावर येतो. म्हणून मुलाला त्याच्या मापाचें वेगळें आसन द्यावें लागतें. तान्ह्या मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड आणि मान कोंवळी असल्यामुळें त्याचें तोंड गाडीच्या मागील बाजूस करून बसवितात. आघात मग मानेवर न येतां सबंध पाठीवर पसरतो. स्वीडनमध्यें बर्टिल आल्डमन यांनीं १९६४ च्या सुमारास अशी उलटी बैठक प्रथम तयार केली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळीं पाठीवर रेलून बसतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. युरोपांतील नव्या नियमाप्रमाणें मूल निदान पंधरा महिन्यांचें होईपर्यंत असेंच बसवावयाचें असतें. त्यानंतर पुढें तोंड करून, अंगावर पांच पट्टे येणारी बैठक. आणि त्याहून मोठ्या मुलासाठीं नुसता उंचवटा देणारा ‘बूस्टर’, ज्यावर बसल्यानें गाडीचाच पट्टा खांद्यावर आणि मांड्यांच्या मुळाशीं नीट येतो.

आतां मुख्य प्रश्न जागेचा. १९८३ सालीं रस्त्यावर आलेली मारुति ८०० ही गाडी बाहेरून मोजली तरी १४४ सेंटीमीटर रुंद होती. आजच्या गाड्या अधिक रुंद आहेत; तरी लहान गाडीच्या मागील आसनावर खांद्याजवळ सव्वा मीटरहून थोडीच अधिक जागा मिळते. एक बैठक साधारणतः ४४ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे तिहींचे १३२ झाले. एवढा हिशेब करूनच पुष्कळ पालक हात टेकतात आणि तिसरें मूल मांडीवर घेतात. परंतु केवळ रुंदीची बेरीज येथें पुरेशी नाहीं. बैठक सर्वत्र सारखी रुंद नसते. पुढें तोंड असलेली बैठक पाठीकडे, खांद्याजवळ, रुंद असते. उलटी बैठक पुढच्या आसनाच्या बाजूस रुंद आणि पायांकडे निमुळती असते. आंब्याच्या पेटींत फळें देंठ-टोंक उलटसुलट लावलीं म्हणजे जशीं बसतात, तशाच या बैठका आलटूनपालटून ठेवल्या म्हणजे एकमेकींच्या रिकाम्या जागेंत शिरतात.

उदाहरणासाठीं आमचेंच घर घेतों. सुटींत मुलगा आणि मुलगी दोघेही नेरळला आलीं म्हणजे दहा महिन्यांची एक नात, तीन वर्षांचा नातू आणि सात वर्षांची थोरली नात, अशीं तीन मुलें एका गाडींत जावयाचीं असतात. थोरलीला डाव्या दाराशीं बूस्टरवर बसवावें. आपल्याकडे वाहनें डावीकडून चालत असल्यामुळें ती रस्त्याच्या कडेला उतरते. नातू उजव्या दाराशीं, पुढें तोंड करून. धाकटी मध्यें, उलट्या बैठकींत. मात्र त्यासाठीं मधल्या जागीं खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा असावा लागतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत तेथें नुसता कमरेचा पट्टा असतो. बूस्टरला तो मुळींच चालत नाहीं. इतर बैठकांना तो चालतो कीं नाहीं, हें बैठकीची आणि गाडीची अशा दोन्ही माहितीपुस्तिका वाचूनच ठरवावें.

येथें ‘आयसोफिक्स’चा उल्लेख केला पाहिजे. आसनाच्या फटींत एकमेकांपासून २८ सेंटीमीटर अंतरावर दोन लोखंडी कड्या असतात, त्यांत बैठक अडकवितां येते. सोय चांगली आहे. परंतु या कड्या बहुधा दोन्ही दारांच्या बाजूंसच असतात, आणि त्यांत अडकविलेली बैठक बाजूस सरकवितां येत नाहीं. पट्ट्यानें बांधलेली बैठक दोनतीन सेंटीमीटर दाराकडे सरकवितां येते, आणि तिघांच्या हिशेबांत तेवढ्यानेंच काम होतें. नीट बांधलेला पट्टा कड्यांहून कमी प्रतीचा नसतो. पुस्तिकेंत सांगितलेलें नसेल, तर दोन्ही एकदम वापरूं नयेत.

बैठका आदल्या दिवशीं, दिवसाउजेडीं, तासभर हाताशीं ठेवून लावाव्या. मधली आधीं, मग बाजूची, शेवटीं बूस्टर. बैठकीवर गुडघा दाबून पट्टा ओढावा. मग पट्टा जेथून जातो तेथें धरून हलवून पाहावें. एक इंचाहून अधिक हलतां कामा नये. तिसरी लागल्यावर पहिली पुन्हा तपासावी. शेजारिणीच्या रेट्यानें ती सैल झालेली असते. बैठका एकमेकींस टेकल्या तरी चालेल. एकीनें दुसरीला उचललें, किंवा एखादें बक्कल खालीं गाडलें गेलें, तर चालणार नाहीं. थोरल्या मुलीला आपलें बक्कल स्वतः लावतां आलें पाहिजे. मुलाच्या अंगावरचा पट्टा खांद्यापाशीं चिमटींत धरतां येत नसेल, तरच तो पुरेसा घट्ट. थंडींत जाड स्वेटर किंवा गोधडी पट्ट्याच्या आंत घालूं नये. मूल आधीं बांधावें आणि मग वरून पांघरूण घालावें.

विकत घेतांना फीत सोबत न्यावी आणि बैठक तिच्या सर्वांत रुंद भागीं मोजावी. अनेकदां पेला ठेवण्याचा खणच चार बोटें बाहेर आलेला असतो. घरांतील पाळणा आपण पिढ्यान् पिढ्या वापरतों, पण ही बैठक तशी नव्हे. तिच्यावर वापराची मुदत छापलेली असते, आणि एकदां अपघातांत सांपडलेली बैठक पुन्हा वापरूं नये. गाडी निवडतांनाही सावध राहावें. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एन्‌कॅप’ या परीक्षेंत मुलांच्या संरक्षणाचे वेगळे गुण मिळतात खरे. परंतु ती परीक्षा दोन बालपुतळ्यांवर होते. तीन बैठका शेजारीं मावतात कीं नाहीं, हें दुकानांत स्वतःच लावून पाहिलें पाहिजे.

इतकें करूनही तिसरी मावलीच नाहीं, तर थोरल्या मुलाला पुढच्या आसनावर, तें आसन शक्य तितकें मागें सरकवून, बूस्टरसह बसवावें. उलटी बैठक मात्र एअरबॅग चालू असलेल्या जागेसमोर कदापि ठेवूं नये. फुगणारी ती पिशवी बैठकीच्या पाठीवरच, म्हणजे बाळाच्या डोक्याशीं, आदळते.

शेवटची गोष्ट या सर्वांहून अवघड आहे. पांच जणांच्या गाडींत तीन बैठका लावल्या म्हणजे मोठ्या माणसांस जागा दोनच उरतात. आजी-आजोबांना उतरावें लागतें. “एवढ्याशा अंतरासाठीं काय होतें?” असें म्हणणारे बहुधा आपणच वडीलधारे असतों, आणि घरांतील तरुण मंडळी आपल्या शब्दाला मान देऊन बैठक काढून ठेवतात. तो मान आपण अशा वेळीं मागूं नये. गाडींत जितके पट्टे तितकींच माणसें, हा नियम घरांतील ज्येष्ठांनीं स्वतः घालून द्यावा. नेरळहून ठाण्या-मुंबईकडे लोकल गाड्या जातात. आम्ही दोघें त्यांतून जातों, आणि मुलें मोटारींतून आमच्याआधीं पोहोंचलेलीं असतात.