संध्याकाळचा बंदोबस्त

व्यसन जडलेल्या माणसाचे काय करावे, या प्रश्नाला आपल्या समाजात दोन ठरीव उत्तरे आहेत. एक, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन दाखल करावे. दुसरे, त्याने मनाचा निश्चय करून एका दिवसात सोडून द्यावे. पहिल्या उत्तराला पैसा, रजा आणि घरच्यांची तयारी लागते, दुसऱ्याला असामान्य मनोबल लागते. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील रोजंदारीच्या किंवा कंत्राटी कामगाराजवळ यांतले काहीच बहुधा शिलकीत नसते. तरीही या गावांतून दारू सुटलेली माणसे आहेत, आणि त्यांतील पुष्कळांनी उपचारकेंद्राची पायरी कधी चढलेली नाही. त्यांची दारू सुटली कशी, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या हकिकतींच्या मुळाशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते, ती ही की त्यांची संध्याकाळ बदलली होती.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेली व्यसनांची देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना त्यापायी मदतीची गरज आहे. परंतु दारूवर पूर्णतः अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात, आणि रुग्णालयात राहून उपचार घेणारा १८० जणांत एक. उरलेले लक्षावधी लोक आपापल्या घरात, आपापल्या बळावर या आपत्तीशी झुंजत असतात. म्हणून राहणीत बदल करून व्यसन सोडण्याच्या मार्गाचा विचार आवश्यक ठरतो. बहुसंख्यांच्या आवाक्यात तोच मार्ग आहे.

उपचार आणि राहणीतील बदल या परस्परविरोधी वस्तू आहेत, असेही समजण्याचे कारण नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. औषधांनी शरीर शांत झाल्यावर तेथेही जे शिकवले जाते ते प्राधान्याने दिनचर्येचे शिक्षण असते : वेळेवर उठणे, व्यायाम, श्रम, समदुःखी माणसांसमोर मोकळेपणाने बोलणे, आणि पत्नीला व मुलांना या प्रवासात सामावून घेणे. केंद्राच्या भिंतीआड जे घडते ते घरी अल्पस्वल्प प्रमाणात घडवता येईल काय, एवढाच आपला सवाल आहे.

या प्रश्नावर मोठा प्रकाश पाडणारी घटना दूर व्हिएतनाममध्ये घडली. तेथे लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन इतके बोकाळले होते की, ते मायदेशी परतल्यावर काय अनर्थ होईल या चिंतेने सरकारने १९७१ साली ली रॉबिन्स या संशोधक विदुषीकडे त्यांच्या पाहणीचे काम सोपवले. सुमारे पाचातला एक सैनिक तेथे व्यसनाधीन झालेला होता. परंतु अशांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाच्या आहारी गेलेले केवळ ५ टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि तेही बहुतेकांनी कसलेच उपचार घेतलेले नसताना. युद्धाचे भय, तेथील रिकामा वेळ, तेथील सोबती आणि हाताशी असलेला स्वस्त माल हे सारे मागे राहिले, आणि त्यांच्याबरोबर व्यसनाचा आधारही मागे राहिला.

मात्र आपल्या कामगाराला असे देशांतर शक्य नाही. त्याला त्याच गल्लीत, त्याच गाडीने आणि त्याच माणसांत परतायचे असते. शिवाय ही गावे मुळातच उखडलेल्या माणसांनी वसवलेली आहेत. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला आगपेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांनी कोकणातून, घाटावरून माणसे आणली. आणि मुंबईतील घर परवडेनासे झालेल्या कुटुंबांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवरचे बदलापूर जवळ केले. गावाकडे संध्याकाळ आपोआप भरलेली असे. गोठा, पार, देऊळ, भावकी यांनी ती व्यापलेली असे. येथे ती मोकळी पडली. मोकळ्या शेतात तण माजावे तसे त्या वेळेत व्यसन रुजले.

या संध्याकाळीकडे अगदी जवळून पाहिले पाहिजे. कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत दीड तास उभ्याने चेंगरून आलेला माणूस कल्याण सुटले की अस्वस्थ होऊ लागतो. घशाला कोरड पडते, हात खिशाकडे जातो. बदलापूरला तो उतरतो तेव्हा पोटात दुपारच्या डब्यानंतर काही नसते, आणि जिना उतरताच टपरी, पलीकडे देशीचे दुकान, त्याच्या पुढे परमिट रूम, आणि दारात उभा असलेला नेहमीचा सोबती, "अरे, एक क्वार्टर मारू आणि निघू," असे म्हणणारा. ती तल्लफ त्या माणसाच्या दुष्टपणातून येत नाही. वर्षानुवर्षे त्याच घटकेला, त्याच ठिकाणी, त्याच वासासरशी मेंदूला मद्य मिळत आलेले असते, म्हणून ती घटका, ते ठिकाण आणि तो वास हेच आता मागणी करू लागतात. ही मागणी बहुधा काही मिनिटे तीव्र राहून ओसरते. तेवढी मिनिटे त्या दारासमोरून जाऊ नयेत, ही खरी तजवीज आहे. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उतरून दुसऱ्या पुलाने बाहेर पडणे, गाडीतच चणे-शेंगदाणे किंवा केळे खाऊन भूक मोडणे, पहिले काही आठवडे मुलाने किंवा पत्नीने स्थानकावर घ्यायला येणे, पगाराचा दिवस येण्याआधीच एटीएमचे कार्ड घरात सोपवणे आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय बंद ठेवणे, या बाबी ऐकायला मामुली वाटतात. पण व्यसनाची साखळी अशाच मामुली कड्यांची असते आणि तिच्यातील कोणतीही एक कडी निखळली तरी ती ढिली पडते.

परंतु वाट टाळून वेळ मात्र रिकामा ठेवला तर पाय पुन्हा तिकडेच वळतात. तो वेळ भरून काढण्याची साधने या प्रांताच्या परंपरेत पूर्वीपासून आहेत. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य आणि मांस वर्ज्य होते, हे सर्वश्रुत आहे. पण माळेचे सामर्थ्य केवळ निषेधात नाही. माळेबरोबर संध्याकाळचा हरिपाठ येतो, एकादशी येते, आषाढीची ओढ येते, आणि ज्यांच्यासमोर शब्द मोडायला लाज वाटेल असे टाळकरी सोबती येतात. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली सुरू केलेल्या श्रीसमर्थ बैठकांनी ठाणे-रायगडच्या कामगारवस्तीत हेच कार्य दासबोधाच्या निरूपणातून केले. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, विनामूल्य. गाडीतील भजनी मंडळाच्या डब्यात टाळ धरणाऱ्याचा प्रवासही तसाच जातो. ज्याचे मन देवधर्मात रमत नाही त्याला तालीम आहे, क्रिकेटचा संघ आहे, वाचनालय आहे, अंबरनाथच्या प्राचीन शिवालयापर्यंत रोजची रपेट आहे. साधन कोणतेही असो, त्याला ठरलेली वेळ हवी, आणि आपण आलो नाही तर "आज का आला नाहीस?" असे विचारणारे कोणी तरी हवे.

मुदतीच्या व्रतांचाही येथे विचार करावा लागतो. गटारीला मनसोक्त पिऊन श्रावणभर थेंबाला न शिवणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. उल्हासनगरच्या सिंधी समाजात झुलेलालाच्या चालिहोचे ४० दिवस असाच संयम पाळला जातो. मुदत संपताच पुन्हा सुरुवात होते म्हणून या व्रतांना नाक मुरडण्याचे कारण नाही. महिनाभर झोप कशी लागली, हातात पैसे किती उरले, मुले जवळ येऊन बसू लागली का, याचा अनुभव त्या माणसाला मिळालेला असतो. त्या अनुभवाचा हवाला देऊन मुदत आठ-आठ दिवसांनी वाढवत नेणे, हे घरच्यांच्या चातुर्याचे काम आहे.

घरच्यांचा वाटा येथे निर्णायक असतो. ग्रिफिथ एडवर्ड्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १०० विवाहित मद्यासक्त पुरुषांवर केलेल्या आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्यांना त्या काळचे सर्व उपचार दिले, तर निम्म्यांना पत्नीसमवेत बसवून एकदाच स्पष्ट सल्ला दिला आणि सुधारण्याची जबाबदारी त्या दोघांच्या हाती सोपवली. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या प्रगतीत लक्षणीय अंतर आढळले नाही.

आता जे सांगायचे ते सर्वांत महत्त्वाचे आहे. जो माणूस सकाळी उठताच पितो, न प्यायल्यास ज्याचे हात चहाचा कप धरता येऊ नये इतके थरथरतात, ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे, त्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये. अशा शरीरात पहिल्या दोन दिवसांत झटके येण्याचा, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास व तीव्र ज्वर होऊन जीव जाण्याचा धोका असतो. झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्यांनाही हाच इशारा लागू आहे. गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढणाऱ्याचा धोका निराळा : काही आठवडे बंद ठेवल्यानंतर पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती प्राणघातक ठरू शकते. अशा वेळी सरकारी रुग्णालय गाठावे आणि पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा. राहणीचा बदल त्यानंतर सुरू होतो आणि आयुष्यभर चालतो. मध्ये एखादे दिवशी तोल गेला तर सारे फुकट गेले असे मानू नये. कोणत्या वाटेने पाय घसरला ते पाहून तेवढी वाट बंद करावी.

आपल्या घरात किंवा शेजारी असा कोणी असेल, तर "सोडणार की नाही?" हा दरडावणीचा सवाल आज बाजूला ठेवा. त्याच्याबरोबर बसा, आणि उद्याचे सात ते दहा हे तीन तास तो कोठे, कोणाबरोबर आणि काय करीत घालवील, एवढेच दोघांनी मिळून ठरवा. अडचण वाटल्यास १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहे.